पेल्टनशेठचा तराजू आणि रुहीचा गूळ

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे, आणि कितीतरी वर्षं माझं एकच पारडं खाली होतं. त्यात कुणीतरी फुलझाडाची कुंडी ठेवली होती. दिसायला ती छान दिसत असेल. पण सतत एका बाजूला कलून उभं राहणं किती जड जातं, ते तराजूलाच ठाऊक.

माझी दांडी लोखंडाची, पारडी पितळेची, साखळ्या चांगल्या जाड. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॉय शहराच्या उत्तरेला ॲशबी नावाचं लहानसं गाव आहे. तिकडे इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीचं राज्य होतं, त्या काळात हायरम पेल्टन नावाचा तरुण हातगाडीवर चहा आणि खिळे विकत या गावात आला. पुढे त्याने दुकान टाकलं आणि मला आणून मधोमध मांडलं. शेतकरी लोकर आणायचे, लोणी आणायचे. थंडी सरता सरता मेपलच्या झाडांचा रस आटवून केलेल्या साखरेच्या तपकिरी ढेपा आणायचे. सगळं माझ्यातून जायचं.

दांडी पूर्ण स्थिर होईपर्यंत पेल्टनशेठ गिऱ्हाइकाशी बोलत नसे. लोकांना त्याची ही सवय आवडली आणि त्यांनी त्याला गावाचा अध्यक्ष केलं. त्याने चिखलाच्या रस्त्याकडेने फळ्यांची पायवाट केली, आगीची घंटा बसवली, तोवर सगळे खूश होते. मग बाजाराच्या दिवशी तो मला उचलून नगरभवनाच्या दारात ठेवायला लागला. कुठल्याही दुकानातून घेतलेला माल कुणीही यावं आणि पुन्हा तोलून बघावा. इतर दुकानदारांना हे झोंबलं. अध्यक्षाला दुसरा उद्योग नाही का, असे टोमणे सुरू झाले आणि पुढच्या निवडणुकीत त्यांनी त्याला पाडलं. पुढच्या बाजाराला मला त्याने स्वतःच्या दुकानाच्या पायरीवर मांडलं, एवढंच.

एका उन्हाळ्यात गावातली तान्ही मुलं आजारी पडू लागली. डॉक्टर लांब राहायचा. तेव्हा पेल्टनशेठने माझ्या पारड्यात मऊ कापडाची घडी घातली आणि आयांना सांगितलं, बाळांना इथे आणत जा, वजन उतरतंय असं दिसलं तर मी गाडी जुंपून डॉक्टरला आणतो. मी साखर तोलली, खिळे तोलले, पण आईचा रोखलेला श्वास तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बरीच बाळं सावरली. एक आई मात्र पुढच्या वेळी आलीच नाही. त्या दिवशी शेठने माझी पारडी पुन्हा पुन्हा पुसली.

पुढे शेठ गेला, दुकान मोडलं, आकड्यांचे काटे आले. मी गावाच्या छोट्या संग्रहालयात आलो. भिंतीवर शेठचा दाढीवाला फोटो आहे. शाळेतली मुलं त्याला रागीट समजतात. पण त्या काळी फोटोसाठी बराच वेळ न हलता बसावं लागे, म्हणून तो चेहरा तसा. आणि माझ्यात आली ती कुंडी.

मग २००७ सालच्या वसंतात एक मराठी कुटुंब आलं. केदार गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, त्याची बायको आसावरी, अकोल्याहून आलेली त्याची आई पद्मिनीबाई, आणि आसावरीने छातीशी धरलेली तान्ही रुही. रुही वेळेच्या फार आधी जन्मली होती. ती काचेच्या पेटीत असताना आजीने नवस बोलला होता, पोर घरी आली की तिची गुळाने तुला करीन. म्हणजे एका पारड्यात मूल, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा गूळ, आणि तो गूळ सगळ्यांना वाटायचा. आता आजींचा व्हिसा संपत आला होता आणि दोन पारड्यांचा तराजू ट्रॉयभर कुठे मिळाला नव्हता.

आसावरीचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. ती घरच्या काट्यावर रुहीचं वजन सारखं करायची. आकडा जरा हलला नाही की तिला घास जात नसे. शेवटी नर्सने तिला वजन करायला मनाई केली आणि केदारने काटा गाडीच्या डिकीत टाकला. त्यानंतर रुही वाढतेय की नाही, हे तिला कळलंच नव्हतं. आज ते सगळ्यांसमोर कळणार होतं.

संग्रहालय सांभाळणाऱ्या डोरोथीबाई आधी नकोच म्हणाल्या. वस्तूंना हात लावायचा नाही असा नियम होता, त्यात तान्हं मूल. पण नवसाचा अर्थ ऐकून त्यांनी स्वतःच कुंडी उचलली. मी सरळ झालो, मित्रांनो.

"आई, साखळी तुटली तर?" आसावरी म्हणाली.

"आधी गाडीतली बटाट्याची पिशवी ठेवून बघ की."

"नाहीतर मी बसून बघतो," केदार म्हणाला.

"तुला तोलायला मिशिगनभरचा गूळ पुरायचा नाही," आजी म्हणाल्या.

आसावरीने खरंच बटाटे ठेवून पाहिले. प्रत्येक कडी बोटांनी चाचपली. मग दुपटं अंथरून तिने रुहीला माझ्यात ठेवलं, आणि हात मात्र, न टेकवता, पारड्याखालीच धरून राहिली. इतक्या वर्षांनी तोच रोखलेला श्वास मी ऐकला. ही पारडी आधीही बाळांनी भरलेली आहेत, हे मला तिला सांगता येत नव्हतं. मी फक्त हललो नाही.

आजींनी दुसऱ्या पारड्यात गूळ ठेवला. ढेप, मग आणखी एक, मग खडे. पिशवी रिकामी झाली. रुहीचं पारडं खालीच.

"गूळ किती आणलास?" आजींनी विचारलं.

"डॉक्टरकडच्या मागच्या वजनाएवढाच," आसावरी म्हणाली. "त्याच्यापेक्षा जास्त धरायची हिंमतच झाली नाही."

आजी हसायला लागल्या. "अगं, मग रडू कशाला येतंय? गूळ कमी पडलाय. पोर नाही."

डोरोथीबाईंनी फळीवरून पेल्टनशेठचं एक लहान वजन आणून गुळाशेजारी ठेवलं आणि दांडी सरळ झाली. लोखंडाने नवस फिटत नाही, राहिला तेवढा गूळ उद्या आणून वाटते, असं आजींनी बजावलं. आसावरीने हात हळूच काढून घेतले. डोरोथीबाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि त्या म्हणाल्या, "ही तर आमच्या मेपलच्या साखरेची बहीण."

जाताना आसावरीने कुंडी खिडकीत ठेवली, उन्हात. दुसऱ्या दिवशी राहिलेला गूळ आला. डिकीतला काटा मात्र घरात परत गेला नाही, असं केदार डोरोथीबाईंना सांगत होता.

मित्रांनो, जुन्या वस्तूत काही ठेवण्याआधी ती कशासाठी होती, ते एकदा विचारा. आणि तोलून झालं की पारडं रिकामं करून आपापल्या घरी जा. तराजू क्षणभराचं वजन सांगतो. मुलं त्यानंतरही वाढतच असतात, कुणी बघत नसताना.