पिठाच्या डब्यातली बाटली

लोरेटानं ओहायोतलं घर विकायला काढलं होतं. रविवारी लोक बघायला येणार, म्हणून एजंट पेगीनं तिला आधीच बजावलं, "बाथरूममधल्या गोळ्या हलवा. घर बघायच्या निमित्तानं येतात आणि नशेसाठी दुखण्यावरच्या गोळ्या लांबवतात मेले."

लोरेटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं गोळ्यांची बाटली पिठाच्या डब्यात खुपसली आणि दुपारभर स्वयंपाकघराच्या दारात ठाण मांडलं. एका गरोदर बाईला तिनं आत येऊन पाणीसुद्धा घेऊ दिलं नाही.

"अहो, घर विकायचंय की राखायचंय?" पेगी वैतागली.

सगळे गेल्यावर लोरेटानं कोपरापर्यंत हात घालून डबा धुंडाळला. बाटली नव्हती.

"बघ, नेलीच," ती नवऱ्यावर उखडली. "नशेबाज सगळे. लाज सोडलेली माणसं."

"सकाळीच मी काढून घेतली," क्लाइड म्हणाला. "तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली गं. या गोळ्यांसाठी अजून किती डॉक्टर बदलणार आहेस?"

लोरेटानं पिठानं माखलेला हात पुढे केला.

"ते मग बोलू. आधी बाटली दे."