लताबाईचा डावा हात

त्या दिवशी अख्ख्या अमळनेरात शहाणं माणूस एकच होतं, आणि ते नुकतंच दहावीचे पेपर देऊन मोकळं झालं होतं. निदान कोकिळाचं तरी तसं ठाम मत होतं, आणि लग्नघरात पाऊल टाकल्यावर ते बदलायला तिला काही कारण सापडलं नाही.

लग्न होतं फुईच्या मुलीचं. फुई म्हणजे कोकिळाच्या वडिलांची थोरली बहीण, भिकुबाई. तिच्यापुढे अख्ख्या भाऊबंदकीत कोणाचा आवाज चढत नसे. कोकिळाची आई लताबाई तर लग्न होऊन आल्यापासून 'हां अक्का' नि 'बरं अक्का' एवढ्यावरच नांदत आली होती.

या लताबाईच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा धुळ्याहून एसटीनं नाशिक गाठायचं, तिथे अंगातलं रक्त मशीनमधून धुऊन घ्यायचं आणि परत यायचं. त्यासाठी डाव्या मनगटापाशी धमनी आणि शीर एकमेकींना जोडून ठेवल्या होत्या. शीर फुगून करंगळीएवढी जाड झाली होती. वर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं. नाशिकच्या सिस्टरनं कोकिळाला बजावलं होतं, या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, ओझं नाही, घट्ट काही म्हणता काही नाही. गुरगुर थांबली की हात बाद, आणि हात बाद झाला तर मशीन लावायचं कुठे? कोकिळानं ते पाठ केलं आणि भेटेल त्याला ऐकवायला घेतलं.

ऐकवून उपयोग शून्य. वरणात मीठ जास्त पडलं तर ते कोणामुळे पडलं हे सांगायला दहा बायका पुढे यायच्या, पण किडनी कुठे असते विचारलं की सगळ्यांचे हात पोटावर. एकीनं शहाळ्याचं पाणी भरपूर प्यायला सांगितलं. दुसरीनं सांगितलं, मशीनचा नाद सोड, त्यानंच तू वाळलीस. कोकिळाला वाटलं, यांच्यापेक्षा मांडवाचे बांबू बरे, निदान गप्प उभे राहतात.

हळदीच्या दिवशी कासार आला. घरातल्या सवाष्णींना हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. लताबाईचा उजवा हात भरून झाला आणि कासारानं डावा हात पुढे ओढून मनगट दाबायला सुरुवात केली, तशी कोकिळा मधे पडली.

फुई उठून आली. "सवाष्णना हात उघडा? मन्ही पोरना लगीनमा?"

लताबाई खाली बघत म्हणाली, "भरू द्या, अक्का."

आईचा असा राग कोकिळाला कधी आला नव्हता. जीव जायची वेळ आली तरी ही बाई नणंदेला विचारूनच जाईल. कोकिळानं मग धमनी, शीर, रक्ताचा जोर असं सगळं एका दमात सांगितलं. फुईनं ते कोंबडं आरवल्यासारखं ऐकून घेतलं आणि हिलाल डॉक्टरला बोलावणं पाठवलं.

हिलाल डॉक्टर मांडवातच जिलबी खात बसला होता. ताप असो, मुरगळलेला पाय असो की नवऱ्याशी झालेलं भांडण, त्याच्याकडे औषध एकच, ताकदीचं सलाईन. त्यानं बोटं पुसली, लताबाईचा हात बघितला आणि त्याचे डोळे चमकले. म्हणाला, इतकी सुंदर शीर उभ्या आयुष्यात पाहिली नाही. ताईंना उन्हाचा थकवा आहे, एक बाटली इथेच लावून टाकू. आणि बांगड्यांनी कधी कोणाला काही होत नसतं.

"तिला लघवी होत नाही," कोकिळा म्हणाली. "तुमची बाटली जाईल कुठे? फुप्फुसात?"

"कितवीला आहेस?"

"दहावी झाली."

"मग आधी बारावी होऊ दे."

बायका हसल्या. डॉक्टरची बॅग आणायला माणूस गेला. कासारानं पुन्हा मनगट धरलं. कोकिळाला वाटलं, सांगून कळत नाही तर प्रयोग करून दाखवावा, शाळेत दाखवतात तसा. तिनं फुईचा हात धरला आणि तिची बोटं त्या शिरेवर टेकवली.

फुईनं विस्तवाला लागल्यासारखी बोटं मागे घेतली. मग पुन्हा टेकवली. मग हळूच पदर डोक्यावर घेतला.

"देवी शे व," ती म्हणाली. "हातमा देवी शे. हात जोडा बठ्ठ्या."

बघता बघता रांग लागली. ज्यांना शहाळ्याचं पाणी सुचलं होतं त्याच आता हळदीकुंकू घेऊन आल्या. कासारानं बांगड्यांची चळत आवरली. कोकिळाची शेवटची आशा हिलाल डॉक्टरवर होती. त्यानं तेवढ्यात आलेल्या बॅगेतून स्टेथोस्कोप काढून लावला, बराच वेळ ऐकलं, त्याचा चेहरा उतरला. "आवाज आहे," तो म्हणाला, "फार मोठा आहे." आणि त्यानंही हात जोडले.

एवढा शिकलेला गाढव कोकिळानं पुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता. तिच्या जिभेवर सगळं विज्ञान आलं होतं, पण तिनं ते गिळलं. हात वाचला होता.

तो वाचला फक्त फुई काळा दोरा घेऊन येईपर्यंत. देवीला बंध हवा म्हणे. तिनं दोऱ्याचा फास केला, मनगटाभोवती टाकला आणि ओढायला लागली. कोकिळा पुढे व्हायच्या आत लताबाईनं उजव्या हातानं नणंदेचा हात झटकला. नव्या बांगड्या खळकन वाजल्या.

"सोड मना हात. देवी नही नि काही नही. मन्ही नस शे, डॉक्टरनी कापीसन जोडेल शे. हाई बंद पडनी ते मी मरसू. कोनीच हात लावू नका."

तिनं अक्का म्हटलं नव्हतं. कोकिळाला वाटलं, आता तरी कळलं. फुईच्या हातातून दोरा गळून पडला, ती गुडघ्यांवर बसली आणि बायकांकडे वळून कुजबुजली, "बोलनी. देवी बोलनी."

लताबाईनं नणंदेकडे पाहिलं. वीस वर्षांत जे कोणी ऐकलं नव्हतं ते आज सगळे कान टवकारून ऐकत होते, आणि तेही उलटंच. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, ते फक्त कोकिळाला दिसलं.

"हिलालभाऊ," लताबाई संथपणे म्हणाली, "ती बाटली परत ने. आणि यापुढे कोणाला सुई टोचायच्या आधी, त्याला काय झालंय ते विचारत जा."

"जी," डॉक्टर म्हणाला आणि बॅग उचलून मागे मागे सरकत गेला.