झाकलेली चाकं

रंगनाथ मिस्त्रीला कुणी अक्कल शिकवलेली खपत नसे, पोटच्या पोरीनं तर मुळीच नाही. पिंगळीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडण्यात वीस वर्षं गेलेला माणूस तो. यंदा त्यानं मोटारसायकलचं इंजिन टाकून शर्यतीची गाडी बांधली आणि चारही चाकांवर पत्र्याची, चाकाला अगदी लागून असणारी झाकणं बसवली. गाडी चालवणार त्याची लेक बबिता. तिनं एकदाच तोंड उघडलं होतं.

"पप्पा, चाकं उघडी राहू द्या. वळणावर पुढचं चाक डोळ्याला दिसतंय, गाडी कुठं जायलीय ते कळतंय. वजनबी कमी."

"आन् वारा? उघडं चाक वारा अडवतंय. सरळ रस्त्यावर मार खायचाय का?"

झालं, विषय मिटला.

आज पेडगावला माणिकरावांच्या पडीक रानात निकाल लागायचा होता. कॉलेजच्या पोरांची उघड्या चाकांची गाडी आणि रंगनाथची बंद चाकांची. प्रत्येकीनं तीन फेऱ्या मारायच्या आणि जिला वेळ कमी लागेल ती पुण्याच्या स्पर्धेला जायची. एका बाजूला मुरमाचा सरळ रस्ता, बाकी सगळी काळी जमीन. शेवटच्या वळणाबाहेर कडुलिंबाचं जाडजूड झाड.

पाहुणे यायचे म्हणून रंगनाथनंच सकाळी टँकर बोलावून सगळं रान शिंपून घेतलं होतं. लोकांच्या पांढऱ्या कपड्यांवर फुफाटा उडालेला बरा दिसतो का? घरी पाहुणा आला की अंगण शिंपायचं, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. काळ्या रानाला पाणी लागलं की काय होतं हे शेंबडं पोरही सांगेल, पण त्याच्या डोक्यात आज नुसती शर्यत होती.

आधी पोरांची गाडी सुटली. चाकांनी असा चिखल उडवला की चालवणारा नखशिखांत काळा. लोक हसले. रंगनाथ सगळ्यात मोठ्यानं हसला.

मग बबिता सुटली. सरळ रस्त्यावर गाडी सुसाट गेली. घड्याळ धरून उभे असलेले माणिकराव म्हणाले, "मिस्त्री, दोन सेकंदानं पुढं हाय पोरगी."

रंगनाथची छाती फुगली. दुसऱ्या फेरीत मात्र गाडीनं वळण जरा बाहेरून घेतलं. तिसरी सुरू झाली आणि त्याच्या ध्यानात आलं, की हिच्या चाकांतून चिखल उडतच नाही. मग जातोय कुठं?

झाकणाच्या आत चिखल थापून बसायला लागला होता. चाकाला वळायला जागाच राहणार नव्हती.

"थांब! बबे, थांब!"

हेल्मेटमध्ये तिला काय ऐकू येणार? गाडी लिंबाच्या बाजूला निघाली होती. रंगनाथ अंगातला शर्ट काढून, तो हलवत सरळ तिच्या वाटेत धावत सुटला. माणिकराव मागून ओरडत होते. चपला चिखलात राहिल्या. पोरगी मेली तर, एवढं एकच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

तिनं ब्रेक दाबला. पुढची चाकं वळलीच नाहीत. रंगनाथ कसाबसा बाजूला झाला, गाडी तशीच सरळ घसरत गेली आणि लिंबापासून दोन हातांवर थांबली.

रंगनाथनं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. ती धड होती. भीतीनं त्याला संताप आला.

"स्टेअरिंग वळंना, हे कळलं न्हाई तुला?"

"कळलं की. दुसऱ्या फेरीतच लय जड लागलं."

"मग थांबली का न्हाईस?"

बबितानं हेल्मेट काढलं.

"थांबून सांगितलं असतं, तर तुमी ऐकलं असतं का?"

रंगनाथनं पुढच्या चाकाच्या झाकणाआड बोट घातलं, ते चिखलातच रुतलं. लोक पळत जवळ यायला लागले होते.

"न्हाई," तो म्हणाला, आणि तिथंच चिखलात मटकन बसला.