चुनखडीवर उभा होतो मी

मी एक जुना दरवाजा आहे. अस्सल मेळघाटी सागाचा. ऐरागैरा समजू नका! मित्रांनो, मोर्शीकडच्या एका गावात नासिर सुताराने मला स्वतःच्या घरासाठी घडवलं. पाहुणे चहा नंतर पीत, आधी माझ्यावरून हात फिरवत. मला फार बरं वाटायचं.

गावाची जमीन चुनखडीची. हा दगड पाण्यात हळूहळू विरघळतो आणि त्याच्या पोटात पोकळ्या होतात. वरून काही कळत नाही. नासिरने न्हाणीचं पाणी मुरवायला भिंतीलगतच खड्डा खणला. तो कधी भरलाच नाही! शेजारचा सूर्यभान म्हणायचा, "नासिरभाई, तुमचा खड्डा लय गुणाचा. आमचा तं दर पावसाळ्यात तुंबते." नासिर खूश. पाणी जातं कुठे, हे कोणीच विचारलं नाही.

मग पावसाने दगा दिलेली वर्षं आली. संत्र्याच्या बागा वाळू लागल्या, तसा जो तो बोअर खोल नेऊ लागला. पोकळ्यांतलं पाणी वरच्या दगडाला आधार देत होतं. तेही उपसलं गेलं. तेव्हापासून मला खालून आवाज येऊ लागले, कुणी सावकाश श्वास सोडावा तसे. भर उन्हात खड्ड्यातून गार वारा यायचा. कडी लावली तरी मी आपोआप उघडायचो. नासिरची बायको नगमा घाबरली आणि तिने माझ्या चौकटीला तावीज बांधला. भीती मलाही वाटत होती हो! पण दरवाजाला फक्त करकरता येतं.

पुढे मी अडायला लागलो. "लाकूड फुगलं," म्हणत नासिरने रंधा फिरवला. पुन्हा अडलो, पुन्हा फिरवला. वैशाखात कुठे लाकूड फुगतं? पण सुतार ना तो, त्याला दोष लाकडातच दिसायचा. सोलून सोलून माझी पार रया गेली.

एका दुपारी त्याने मला काढून अंगणातल्या लिंबाला टेकवलं. आत फरशीवर त्यांची लहानगी तहरीम झोपली होती.

अंगणात उभी असलेली नगमा वैतागली. "अजी, याले किती छिलून राहिले तुमी? चौकटीले गुण्या लावून पाहा ना एकदा!"

नासिरने काटकोन तपासायचा गुण्या कोपऱ्यात धरला. फटीतून बोट आरपार गेलं. त्याचा चेहराच उतरला. "ही चौकट म्या सरळ बसवली होती... नगमा, घर चाललं खाली!"

तो आत धावला. खालून एक लांब उसासा आला, आणि फरशी, चूल, भिंती, सगळं जमिनीने गिळलं.

आता मी सूर्यभानच्या गोठ्यात पडून असतो. मित्रांनो, तुमचं घर अशा दगडावर असेल, तर खड्डा भरत नाही म्हणून खूश होऊ नका. सांडपाणी भिंतीपासून लांब न्या. तिरकी भेग दिसली, दार उगाच अडलं, तर जाणकाराला बोलवा. पण त्याच्याही आधी आत झोपलेलं लेकरू बाहेर आणा. तहरीमला छातीशी धरून नासिरने उंबरठ्याबाहेर अंगणात पाऊल टाकलं, तेव्हा त्याच्या मागच्या पायाखाली जमीन उरली नव्हती. मी समोरून पाहिलंय.