तो गेला

नवऱ्याला ‘तो’ म्हणणारी सून शेवंताबाईंना पहिल्या दिवसापासून खटकत होती. तो झोपलाय, तो ड्राइव्ह करतोय, त्याला कारलं नको. “अगं, नवरा आहे का दारातलं कुत्रं?” असं त्यांनी तोंडावर विचारलंही होतं. आसावरी पुण्याची. हसून म्हणाली, “आई, प्रेमाने म्हणते हो.” अमेरिकेत, नेपरव्हिलला लेकाकडे येऊन शेवंताबाईंना दोन महिने झाले, पण सुनेचं ते प्रेम काही कमी होईना.

शनिवारी लेक केदार गुडघ्याला पट्टी बांधून मैदानावर गेला. कंपनीने मेलबर्नला धाडलं होतं, तेव्हापासून तिकडचा फुटबॉल अंगाला चिकटलेला. लंबगोल चेंडू, आणि तो झेलायला दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा देऊन वर उडायचं. चाळिशी उलटलेल्या बाप्याने!

जेवणवेळ टळली तरी त्याचा पत्ता नाही. सुनेला विचारावं म्हणून शेवंताबाई तळघराचा जिना उतरायला लागल्या, तर खालून आसावरीचा आवाज आला. जड, सावकाश.

“गुडघा कधीच कामातून गेला होता. पण टीममधली जागा जाईल म्हणून तो कुणाला बोलला नाही. पट्टी आवळून उतरत राहिला. शेवटच्या मॅचला उंच उडाला, चेंडू झेललाही, पण खाली आला तो पाय मुरगाळूनच.” जरा थांबून ती म्हणाली, “आणि मग तो गेला. घरी परत आलाच नाही.”

शेवंताबाई होत्या तिथेच बसल्या. कठडा धरून, बसत-घसरत त्या खाली पोचल्या आणि दारावर थाप मारली.

“माझा केदार कुठाय?”

आसावरीने कानांवरचे हेडफोन काढले. “आई! पडलात का?”

“कधी गेला गं? मला कुणी सांगितलं का नाही?”

“कोण गेला? केदार ग्रोसरीला थांबलाय, आत्ताच टेक्स्ट आला. मी पॉडकास्ट रेकॉर्ड करत होते, आई. शंभर वर्षांपूर्वीचा मेलबर्नचा प्लेअर, आल्फ नावाचा. क्लबने काढल्यावर सैन्यात गेला. तिथेही गुडघा लपवला. आणि लढाईत...”

सुनेने पाणी दिलं, शेवंताबाई प्यायल्या नाहीत.

“चांगला खेळायचा?”

“खूप! पाच सीझन. त्याचा एकेक गोल शोधून काढलाय मी.”

“आणि आई होती का त्याला?”

“असेल ना,” आसावरी गोंधळली. “तिचं काही बघितलं नाही मी.”

शेवंताबाईंनी पदराने तोंड पुसलं.

“आसावरी, मघाशी त्या जिन्यावर त्याची आई मी झाले होते. लेक गेला म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक. आणि तू गोल मोजून मोकळी झालीस? अर्धीच गोष्ट सांगतेस तू बाई, आणि तीही सोपी अर्धी.”