देवळाकडं गेलेली जाती

बनाबाईने पाच हळकुंडं आणि मूठभर अक्षता एका फडक्यात ठेवल्या, दातांनी ओढून गाठ आवळली आणि ती पुरचुंडी हरिबाच्या हातावर ठेवली.

“देवाचं नाव काय म्हनला हुता, भावजी?”

हरिबा टेम्पोत चढायच्या बेतात होता. मागे कुंपणाच्या भिंतीसाठी घडवलेला काळा दगड भरलेला होता. देवाचं नाव त्याने कधी सांगितलंच नव्हतं.

“म्हादेव,” तो म्हणाला.

“मग पिंडीला हळद लावू नगा, म्हादेवाला चालत न्हाई. माज्या जात्याला लावा. अक्षता तेवढ्या देवाफुडं ठिवा आन् मायाचं लगीन हाय म्हनून सांगा. नाव घिऊन सांगा.”

माया तिची नात. लग्न पाच दिवसांवर आलं होतं. त्यांच्या घरात पहिली हळद घरच्या जात्याला लागायची आणि त्याच जात्यावर पाच सवाष्णी नवरीची हळद दळायच्या. बनाबाईच्या लेकींची तशीच दळली होती, तिच्या नणंदांचीही. आता जातं देवाच्या दारात होतं, तर पहिली हळद तिथे जाऊन लागावी आणि इथली वस्तीतल्या अंबूबाईच्या जात्यावर दळावी, असं तिने ठरवलं होतं आणि हरिबाला तसं सांगितलंही. हरिबा अंबूबाईचं नाव ऐकून नुसती मान हलवत राहिला. मग त्याने पुरचुंडी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली.

कुंभार्ली घाट उतरेपर्यंत तो ड्रायव्हरशेजारी त्या खिशावर हात ठेवून बसला.

गेल्या वर्षी दगड पुरवायचं हे काम त्याच्याकडे आलं तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं. कोकणात समुद्रकाठी एका बड्या माणसाचा बंगला होत होता. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं, रंग टिकत नाही, म्हणून बाहेरचं सगळं काम दगडाचं ठरलं होतं. पायऱ्या तिथल्या जांभ्याच्या आणि भिंती माणदेशातल्या काळ्या दगडाच्या. बागेचं काम सांगलीच्या अंकिता मॅडमकडे होतं. त्यांनी हरिबाला जुनी जाती गोळा करायला सांगितली. म्हणाल्या, ही सगळी टेंपल ट्रीच्या खाली मांडायची आहेत, शंभर वर्षं तिथेच असल्यासारखी.

टेंपल म्हणजे देऊळ, एवढं इंग्रजी हरिबाला येत होतं. मुंबईत गोदीवर हमाली करताना काळबादेवीच्या बाजूला कुठल्याशा पाटीवरचं ते कुणीतरी त्याला सांगितलं होतं. त्याला जरा अभिमानच वाटला. वस्त्यावस्त्यांवर जाऊन त्याने सांगितलं, की समुद्रकाठी देऊळ होतंय, तिथे जुनी जाती लागणार आहेत. बायकांनी पैसे घेतले नाहीत. देवाच्या कामाला पैसे कसले, म्हणाल्या. जातं धुऊन, त्याला हळदकुंकू लावून त्यांनी दिलं. बारा जाती अशी गेली.

ती मांडायला घेतली तेव्हा त्याने मॅडमना विचारलं, देऊळ कधी बांधायचं? मॅडम खूप हसल्या. मग त्यांनी मोठ्या क्रेनने आणून लावलेल्या वाकड्या चाफ्याकडे बोट केलं. टेंपल ट्री म्हणजे तो. त्याच्याखालून हिरवळीवरून तरणतलावाकडे पायवाट जायची होती आणि एकेक जातं म्हणजे एकेक पाऊल होतं.

हरिबाही हसला होता.

मॅडमना आणखी एकोणीस हवी होती. तेव्हाच त्याला सगळं सांगता आलं असतं. पण बागेसाठी, पाय ठेवायला म्हणून कुणी जातं दिलं नसतं, आणि देऊळ म्हटलं की बाया दारात घेऊन उभ्या राहत होत्या. तो परत माणात आला आणि परत देऊळच म्हणाला. बनाबाईचं जातं त्या एकोणिसांतलं होतं.

बंगल्यावर पोचला तेव्हा ऊन कललं होतं. मालकांचे पाहुणे आले होते. तरणतलावातून निथळत आलेली एक बाई पायवाटेवरून घराकडे चालली होती, एकेक दगड मोजून पाऊल टाकावं तशी. मागून दोघं-तिघं चपला घालून गेले. माळी पाइपने पाणी मारत होता.

दगड उतरवून झाल्यावर हरिबा चाफ्याखाली गेला. बनाबाईचं जातं त्याला शोधावं लागलं नाही. कडेला टवका उडालेला होता, आणि मधल्या भोकात कुणाची टाच अडकू नये म्हणून त्यानेच सिमेंट भरून वर पांढरे खडे बसवले होते. तो उकिडवा बसला. खिशात हात घालून त्याने पुरचुंडी चाचपली. इथे हळद लावली तर पुढच्या ओल्या पावलाबरोबर ती पांढऱ्या फरशीवर उमटणार होती. घराच्या दारापर्यंत.

त्याने जात्याच्या कडेखाली बोटं घातली आणि जोर लावला. जातं हललं नाही. हलू नये म्हणून खाली चार बोटं सिमेंट त्यानेच ओतलं होतं.

“काय झालं हरिबा? लेव्हल गेली का?” अंकिता मॅडम मागे येऊन उभ्या होत्या.

“न्हाई मॅडम,” तो उठत म्हणाला. “लेव्हलीत हाय.”

त्या खूश होत्या. लोक पायवाटेचे फोटो काढून गेलेत, सगळे विचारतात हे दगड कुठले, असं त्या सांगत होत्या. बोलता बोलता त्या एका जात्यावर उभ्या राहिल्या. हरिबाने मान वळवून भिंतीकडे पाहिलं आणि तिचा शेवटचा थर कधी लावायचा ते विचारलं.

परत वस्तीवर आला तो हळदीच्या सकाळी. बनाबाईच्या दारात मांडव घातला होता. ती एका कडेला पोत्यावर बसून आंब्याचे डहाळे निवडत होती. आत बायकांची गडबड चालली होती, पण ती आज रोजच्यासारखी कुणाला हाका मारत नव्हती.

“आला व्हय भावजी. दर्शन झालं?”

हरिबा तिच्यासमोर बसला.

“लोक पाया पडत्यात न्हवं तिथं?”

“पडत्यात,” तो म्हणाला. मग त्याने मांडवाच्या मेढीकडे पाहिलं. “पाय पडत्यात, वैनी.”

बनाबाईचा हात डहाळ्यावर थांबला.

त्याने खिशातून पुरचुंडी काढून तिच्यापुढे ठेवली. तिने ती उचलून गाठ पाहिली. गाठ तिचीच होती. तिने ती सोडली नाही, मांडीवर ठेवली.

“काल अंबूबाईकडं गेले हुते,” ती म्हणाली. “तिनंबी देवाला दिलं म्हनं. मग खालच्या आळीला गेले. मग माळावर गेले, बिराप्पाच्या घरी. समद्यांनी दिलं.” ती थांबली. “पोरी म्हनत्यात मिक्सरमदी काढू.”

हरिबा खाली पडलेलं आंब्याचं एक पान उचलून दुमडू लागला.

“मनुबाईचं जातं हाय न्हवं तुमच्यात?”

मनुबाई म्हणजे हरिबाची बायको. तिचं जातं पडवीत होतं, पोत्याखाली.

“हाय.”

“देवाला न्हाई दिलं?”

हे तिने रागाने विचारलं नाही. एखाद्याला गुरांचं पाणी झालं का विचारावं तसं विचारलं. हरिबाने हातातलं पान खाली टाकलं. तो उठून घरी गेला.

मनुबाई पडवीत भाकऱ्या थापत होती. त्याने पोतं बाजूला केलं तेव्हा तिने काटवटीतला हात उचलून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खुंटा कोपऱ्यातून काढून तिनेच दिला. जात्याचे दोन्ही दगड त्याने दोन खेपांत डोक्यावरून नेले. टेम्पो दारात उभा होता, पण त्यात त्याने ते घातले नाहीत.

बायकांनी जातं धुतलं, पुसलं, खुंट्याला आंब्याचे डहाळे बांधले. पाच सवाष्णी भोवती बसल्या. माया आतून डोकावून गेली. बनाबाईने तेव्हा पुरचुंडीची गाठ सोडली आणि हळकुंडं सुपात ओतली. हरिबा घाम पुसत जात्याजवळच उभा होता. कुणी पाणी देईल का, की आता जावं, हे त्याला कळत नव्हतं.

बनाबाईने वर पाहिलं.

“भावजी,” ती हळू आवाजात म्हणाली, “जरा मागं सरा. जात्याला पाय लागंल.”