डोंगराचे चर

करोनाच्या पहिल्या वर्षी लंकाबाई आणि तिचा नवरा अंगद ऊसतोडीवरून पाथर्डीकडच्या आपल्या वस्तीवर परतले, तेव्हा त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवलं. सगळीकडे कामं बंद. लंकाबाईला बसवेना. तिनेच विषय काढला, "डोंगराला चर खांदू. निदान पानी तरी अडंल."

रोजगार हमीतून मंजुरी मिळाली. तोंडाला फडकी बांधून, दोन-दोन हात लांब राहून वस्तीने उन्हाळाभर उतारावर आडवे चर खणले. त्या पावसाळ्याचं पाणी डोंगरातच मुरलं. विहिरींचं पाणी शिमग्यापर्यंत टिकलं, रब्बीचं पीक हाती आलं. पुढची चार वर्षं वस्तीवरून कुणी ऊस तोडायला गेलं नाही. शाळा उघडल्यावर लंकाबाईची लेक रोहिणी सलग शाळेत बसली.

यंदा मे महिन्यात डोंगरावर जेसीबी चढला. नव्या रस्त्याला मुरूम हवा होता. लंकाबाई धापा टाकत वर पोचली, तोवर वरचे चर बुजले होते. ती सरळ यंत्रापुढे उभी राहिली. सरपंच आप्पासाहेब मोटारसायकलवर आले.

"लंकाबाई, रस्ता काय माझ्या घरचा हाय? गावाचा विकास नको का?"

"रस्ता करा की! मुरूम दुसरीकडनं आना. ह्या चरांवर आमी जगलो."

"ते करोनाचं हुतं. ते दिस गेले. किती दिस तेच धरून बसनार?"

लंकाबाईच्या मनात आलं, दिवस गेले म्हणून पाणी लागत नाही का? मागे वस्तीवरची माणसं जमली होती. तिच्याबरोबर घाम गाळलेलीच. एकही पुढे येईना. अंगद खाली बघत पुटपुटला, "चल घरी. सरपंचाशी वाकडं नको."

"तुमी खांदला न्हाई व्हय हा चर?" ती ओरडली.

शेवटी वस्तीवरची कडूबाई आणि आणखी दोघी येऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. ग्रामसभेत तोड निघाली: वरचा डोंगर रस्त्याला, खालचे चर राखायचे. लंकाबाई सांगत राहिली, वर उघडं पडलं की खालचं टिकत नाही. सभा संपवून माणसं चहाला गेली.

जुलैत उघड्या उतारावरून लाल लोंढा आला आणि खालचे चर फोडून गेला. दसऱ्याला विहिरीचा तळ दिसू लागला. अंगदने ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाला होकार कळवला.

दोन दिवस लंकाबाई त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने रोहिणीचं दप्तर सासूकडे जपून ठेवायला दिलं आणि ती तिघांपुरती भांडी आदळत गोणीत भरायला लागली.